राऊला पोहोचलेली बस

मी इंदोरच्या कडेला राऊला राहते आणि मल्हारगंजातल्या सुक्या मेव्याच्या एका घाऊक पेढीवर फोनवर ऑर्डरी घेते. मला दिसत नाही. जन्मापासून नव्हे. डोळ्यांचा पडदा हळूहळू सुकत गेला आणि तिशी उलटेपर्यंत उरलंसुरलंही गेलं. त्यामुळे अक्षरं मला माहीत आहेत, रस्ते आठवतात, राजवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. फक्त आत्ता, या घटकेला, समोर काय चाललंय ते कळत नाही. आणि सिटी बसनं जायचं तर नेमकं तेवढंच कळावं लागतं.

बस स्टॉपवर थांबत नाही, स्टॉपच्या अलीकडे नाहीतर पलीकडे थांबते. डोळस माणसं धावतात. मी आवाजाच्या दिशेनं निघते तोवर ती गेलेली असते. फुटपाथवर आमच्यासारख्यांसाठी उंचवट्याच्या पिवळ्या फरशा बसवल्या आहेत म्हणतात. आहेत, खऱ्या आहेत. माझ्या स्टॉपजवळ त्या फरशांवरून चालत गेलं की माणूस सरळ पोह्यांच्या गाडीवर जाऊन आपटतो. गाडीवाला भला आहे. "आओ दीदी, थोड़ा राइट," असं रोज म्हणतो. गाडी मात्र हलवत नाही. कुठली बस आली म्हणून विचारावं तर कोणी "आपकीवाली नहीं है" म्हणून मोकळा होतो. माझीवाली कुठली ते न विचारताच! पास काढायला गेले तेव्हा खिडकीमागचा माणूस म्हणाला, "कॅमेरे में देखिए." मी म्हटलं, "कुठे आहे कॅमेरा?" तो म्हणाला, "सामने."

या सगळ्याची सवय होते. दुसरा इलाज नसतो. रिक्षा रोज परवडत नाही आणि नवऱ्याची ड्यूटी पीथमपूरला. तो संध्याकाळी राऊच्या स्टॉपवर स्कूटर घेऊन उभा राहतो, तेवढं त्याला जमतं. राऊपर्यंत पोहोचणं माझं काम.

नव्या बसगाड्या आल्या तेव्हा मी खूश झाले होते. त्यांत स्टॉपची नावं सांगणारा बाईचा आवाज होता. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. डोळस लोक तो ऐकतच नाहीत, पंख्याच्या घरघरीसारखा तो त्यांच्या कानांवरून जातो. मी मात्र त्या आवाजाच्या बोटाला धरूनच प्रवास करायचे. ती म्हणाली राजवाडा, की राजवाडा. कधी शंका घेतली नाही.

त्या दिवशी थंडी होती, पण दुपारचं ऊन छान होतं. पेढीवरचे शेठजी म्हणाले, "बेन, आज जल्दी निकलो, चल समारोह निकलनेवाला है, रस्ता जाम होगा." इंदोरात मिरवणुकीला चल समारोह म्हणतात आणि तो कुठल्या ना कुठल्या निमित्तानं सारखा निघत असतो. मी नवऱ्याला फोनवर कळवलं, त्या दिवशी त्याची सकाळपाळी होती, आणि लवकर निघाले. स्टॉपवर बस आली. मी विचारलं, "राऊ?" दोनतीन जण एकदम म्हणाले, "हाँ हाँ, चढ़ जाओ." दारापाशी त्या आवाजातली बाईही म्हणाली, राऊ. मी चढले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवी पत्र्याची भिंत असते तिच्या लगतच्या राखीव सीटवर बसले. तिथे बसलेला कोणीतरी कुरकुरत उठला.

राजवाड्याच्या अलीकडे बस थांबली आणि डीजे सुरू झाला. म्हणजे आधी लांब होता, मग अंगावरच आला. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी तो नुसता गोंगाट. माझ्यासाठी तो दिवे गेल्यासारखा असतो. कोण उठलं, कोण बसलं, दार उघडलं की मिटलं, काही उरत नाही. छातीत नुसते ठोके बसत राहतात आणि सीटची दांडी थरथरते. मी दांडी घट्ट धरून बसले. माझ्या गुडघ्यांना घासून पुष्कळ पाय गेले. कोणाची तरी पिशवी माझ्या खांद्याला लागली. मला वाटलं, राजवाडा आला, गर्दी उतरतेय. एवढी सगळीच कशी उतरतेय, असंही एकदा मनात आलं. मग बसनं मोठं वळण घेतलं. मागे सरकली, पुन्हा वळली. वाटलं, मिरवणुकीमुळे दुसऱ्या रस्त्यानं काढताहेत.

डीजे मागे पडला तेव्हा बसमध्ये कमालीची शांतता होती.

शांत बस तुम्ही ऐकली आहे का? माणसं गप्प असली तरी बसमध्ये बारीक बारीक आवाज असतात. कोणी खोकतं, मोबाइल टिणटिणतो, बांगड्या वाजतात. यातलं काही नव्हतं. फक्त इंजिन, आणि खूप मागे, अगदी शेवटच्या सीटजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ. मधूनमधून. ती ऐकली आणि मला बरं वाटलं. कोणीतरी आहे. ज्याला दिसतं असं कोणीतरी आहे आणि तो निवांत बसला आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

"अगला स्टॉप," ती बाई म्हणाली आणि तिनं नाव घेतलं. ओळीनं जे यायला हवं तेच. थोड्या वेळानं पुढचं नाव. बस मात्र कुठेच थांबत नव्हती. चढणारं कोणी नसेल, मी मनाशी म्हटलं. मिरवणुकीच्या दिवशी कोण निघतं बाहेर?

मग तिनं भंवरकुआं म्हटलं.

भंवरकुआं मला कानांनी, नाकानं, सगळ्यानं ओळखू येतं. क्लासची पोरं, समोसे तळल्याचा वास, चहूबाजूंनी हॉर्न. यातलं काहीच आलं नाही. जड ट्रक शेजारून गेला, पाठोपाठ आणखी एक. खिडकीच्या फटीतून वास आला तो रसायनाचा, घशाला लागणारा, आणि त्याच्यात मिसळलेला भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास. तो गोड वास मला जास्त नकोसा झाला. भंवरकुआंवर असा वास येत नाही. राऊच्या रस्त्यावर कुठेच येत नाही.

"भिया," मी इंदोरी पद्धतीनं ड्रायव्हरला हाक मारली, "ये बस कहाँ जा रही है?"

उत्तर नाही. मी पाठीमागे वळून मोठ्यानं विचारलं, "कोई बताएगा, कौन सी जगह है ये?" पिशवी सळसळली. कोणी बोललं नाही. माझी हाक ऐकूनही तिथला माणूस बोलत नव्हता. मी काठीनं समोरच्या पत्र्यावर ठकठक केलं. पलीकडे ड्रायव्हर गात होता. कानात गाणं लावून माणूस गातो तसं बेसूर, मधलेच शब्द सोडून. मी जोरानं ठोकलं. तो गातच राहिला. बस खडबडीत जागेवरून सावकाश आत शिरली, वळली आणि थांबली. इंजिन बंद झालं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आपटलं. गाणं लांब लांब जात ऐकू येईनासं झालं.

आमच्या बाजूची दारं उघडलीच नाहीत.

मी उभी राहिले. आणि तेवढ्यात, उभ्या, बंद पडलेल्या बसमध्ये ती बाई म्हणाली, "अगला स्टॉप, राजेंद्र नगर."

मला आजवर पुष्कळदा भीती वाटली आहे. उघड्या नालीत पाय गेला तेव्हा, चौकात मधोमध सिग्नल सुटला तेव्हा. पण ती भीती अंगाची असते. ही वेगळी होती. बस हलत नव्हती हे माझ्या तळपायांना पक्कं कळत होतं आणि तो आवाज, ज्याच्यावर मी इतके दिवस विसंबले, मला सांगत होता की आपण चाललो आहोत. इंग्रजीतही सांगून झालं. क्षणभर मला माझ्या पायांवरच संशय आला.

आणि मग मागे कोणीतरी उठलं.

"कौन है?" मी म्हटलं. पावलं पुढे आली. थांबली. पुन्हा आली. "कोण आहे? बोलत का नाही?" घाबरले की मी मराठीत येते. मशीनच्या ऑइलचा वास आला, मग श्वास. माझ्यापासून हातभर अंतरावर माणूस उभा होता आणि एक शब्द बोलत नव्हता. मी काठी उचलली आणि समोर फिरवली. ती कशावर तरी लागली, बहुतेक त्याच्या हातावर. त्यानं घशातून एक आवाज काढला. तो शब्द नव्हता.

त्यानं काठी हिसकावली नाही. नुसती हळूच बाजूला केली. मग माझं मनगट धरलं. मी ओढून घेतलं. तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा, या वेळी दोन बोटांनीच, धरलं आणि माझा हात वर नेऊन स्वतःच्या कानावर टेकवला. मग माझाच हात हवेत आडवा हलवला. नाही, नाही. पुन्हा कानावर. पुन्हा नाही.

मला कळायला जितका वेळ लागला त्याची आज लाज वाटत नाही, हसू येतं. तो बहिरा होता. माझी एकही हाक त्याला ऐकू गेली नव्हती. मग मीही त्याचा हात माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि मान हलवली. त्यानं माझी काठी चाचपून पाहिली. माझी काठी त्यानं तोवर नुसती काठी समजली असावी.

मी नवऱ्याला फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?" तो म्हणाला. "मी इथे स्टॉपवर उभा आहे. मोबाइलवर तुझी बस राजेंद्र नगरच्या पुढे आलेली दिसतेय."

"अहो, बस उभी आहे," मी म्हटलं. "कुठल्या तरी आवारात. ड्रायव्हर गेला. दारं बंद आहेत."

"असं कसं? इथे सरकतेय ना. हे बघ, आलीच." मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "आली असं दाखवतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "स्टॉपवर उभी आहे म्हणे. इथे काहीच नाहीये."

त्याच वेळी माझ्या डोक्यावरचा आवाज म्हणाला, "राऊ. अंतिम स्टॉप. कृपया अपने सामान का ध्यान रखें." नवऱ्यानं तो फोनमधून ऐकला. "कोण बोललं?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

मी मोबाइलवरून त्याला माझी जागा पाठवली. त्याच्या फोनवर ती सांवेर रोडच्या कारखान्यांमध्ये कुठेतरी दिसली, राऊपासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, निघतो, पण मिरवणुकीमुळे वेळ लागेल. तू हेल्पलाइनला फोन कर.

हेल्पलाइनची मुलगी वाईट नव्हती. मीही दिवसभर फोनवरच असते, त्यामुळे पाठ केलेलं बोलणं मला लगेच ओळखू येतं. ती म्हणाली, "मैडम, गाड़ी का नंबर बताइए. दरवाज़े के ऊपर लिखा होता है."

"मला दिसत नाही," मी म्हटलं. मग हिंदीत म्हटलं.

"तो किसी से पूछ लीजिए."

मी हसले. खरंच हसले. मग त्या माणसाच्या बाहीला धरून दारापाशी नेलं, वर बोट दाखवलं, आणि माझा तळवा उघडून त्यावर बोटानं लिहिल्यासारखं केलं. त्याच्या चटकन लक्षात आलं. त्याची बोटं खरखरीत होती. त्यानं माझ्या तळव्यावर एकेक आकडा काढला, प्रत्येक आकड्यानंतर तळवा पुसल्यासारखं करून. शाळेत मैत्रिणी पाठीवर अक्षरं काढून ओळखायला लावायच्या, तेव्हा मी हमखास चुकायचे. आता एकही चुकले नाही.

मुलीनं नंबर घातला. कळफलक वाजला. "मैडम," ती म्हणाली, "ये गाड़ी तो राऊ पहुँच गई है. ट्रिप कम्प्लीट हो गई."

"मी बसमध्ये आहे. बस सांवेर रोडला आहे."

"सिस्टम में तो पहुँच गई, मैडम." तिच्या बोलण्यात आता थोडी भीती होती. "आप... आप पक्का उसी गाड़ी में हैं?"

काय सांगायचं? सगळीकडे मी पोहोचले होते. मोबाइलवर, हेल्पलाइनवर, त्या बाईच्या तोंडी. फक्त मीच पोहोचले नव्हते. बसमधली हवा कोंदायला लागली होती. मुलगी म्हणाली की वरच्यांना कळवते, आणि फोन ठेवला.

त्या माणसाला मी माझी मूठ काचेवर आपटून दाखवली. मग त्यानं जे सुरू केलं! ऐकू न येणारा माणूस किती जोरानं ठोकतो हे त्याला स्वतःला कळत नसतं. अख्खी बस दणाणली. तो थांबला की मी ओरडायचे, मी थांबले की तो ठोकायचा. आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती बाई. शेवटचा स्टॉप झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून नावं सुरू केली होती.

बऱ्याच वेळानं बाहेरून, बराच लांबून, एक म्हातारा आवाज आला. "कौन है रे अंदर?"

"माणसं आहोत!" मी ओरडले. "आदमी हैं, बाबा! दरवाज़ा खोलो!"

तो लगेच आला नाही. लांबूनच विचारत राहिला, किती जण, कुठले, आत कसे. मग बाहेरून काहीतरी फिरवल्याचा आवाज झाला आणि दार सुस्कारा टाकत उघडलं. थंड हवा आत आली. तो आवाराचा चौकीदार होता. त्याचे दात वाजत होते, थंडीनं की आणखी कशानं कोण जाणे. "मैं कब से सुन रहा हूँ," तो म्हणाला. "खाली गाड़ी, चाबी निकली हुई, और अंदर औरत बोल रही है. फिर ठोकने लगी. मैं तो उधर जाके हनुमान चालीसा पढ़ रहा था, माँ क़सम."

इतका वेळ आम्ही घाबरलो होतो, आणि त्या आवारात भूत होतो ते आम्हीच.

ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सापडला. त्याची बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. राजवाड्याजवळ त्यानं ओरडून सांगितलं होतं म्हणे, गाडी पुढे जाणार नाही, सगळे उतरा. डीजेमध्ये ते मला ऐकू आलं नाही आणि मागच्या माणसाला येणं शक्यच नव्हतं. त्यानं आरशात पाहिलं होतं. मी पत्र्याच्या आड आणि तो माणूस कोपऱ्यात वाकून पिशवी बांधत होता. "ख़ाली दिखी, दीदी," ड्रायव्हर पुन्हा पुन्हा म्हणत होता. "भगवान क़सम, पूरी ख़ाली दिखी."

चौकीदारानं फाटकापाशी आम्हाला दोन खुर्च्या दिल्या. संध्याकाळ होत आली होती. आता मला सुचलं, जे आधीच सुचायला हवं होतं. मी मोबाइल त्या माणसाच्या हातात दिला. तो हिंदीत टाइप करायचा आणि माझा फोन ते वाचून दाखवायचा, त्याच्या नेहमीच्या सपाट बायकी आवाजात. मी बोलायचे, ते पडद्यावर उमटायचं, तो वाचायचा. तो एका कारखान्यात लेथवर काम करत होता. राजेंद्र नगरला बहिणीकडे निघाला होता. पिशवीत भाचीसाठी स्वेटर होता.

मी विचारलं, "बस चुकीच्या रस्त्याला लागली हे तुम्हाला दिसलं नाही?"

तो बराच वेळ टाइप करत होता. मग फोन म्हणाला, "दिखा. सब उतर गए, वो भी दिखा. पर आप आराम से बैठी थीं. मैंने सोचा, ये सुन सकती हैं. कुछ गड़बड़ होती तो ये उठ जातीं."

मी त्याच्या पिशवीच्या सळसळीवर विसंबले होते आणि तो माझ्या पाठीवर. दोघं एकमेकांच्या भरवशावर निवांत बसून त्या आवारात जाऊन पोहोचलो होतो.

नवरा आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तो माणूस तोवर थांबला होता. मग त्यानं माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि शहराकडे जाणाऱ्या मॅजिकमध्ये, म्हणजे सवारीच्या छोट्या टेम्पोत, चढला. आम्ही घरी पोहोचल्यावर त्याचा मेसेज आला, स्वेटर भाचीला मोठा झाला म्हणून.

मी तक्रार केली. रीतसर, लेखी. काही दिवसांनी बसच्या ऑफिसातून फोन आला. त्या गाडीतला नावं सांगणारा डबा बिघडला होता. गाडी कुठे आहे, चालू आहे की बंद, ते न बघता तो नुसता घड्याळावर चालायचा आणि मोबाइललाही तेच कळवायचा. डबा बदलला आहे. मी विचारलं, आणि रिकामी दिसणारी बस आतून फिरून बघायचं काय? तो साहेब म्हणाला, सूचना पुढे पाठवतो. आठवड्याभरानं मेसेज आला: तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कारण सदर फेरी नियोजित वेळेत राऊ येथे पूर्ण झाल्याची नोंद आहे.

नवरा म्हणाला, नोकरी सोड. रागानं नाही, काळजीनं म्हणाला. त्या रात्री आमचं भांडण झालं, आणि सोमवारी त्यानंच मला स्टॉपवर सोडलं.

अजूनही मी त्याच बसनं येते-जाते. डबा नवीन आहे, आवाजही नवीन आहे, नावंही बरोबर सांगतो. पण कधी दुपारच्या वेळी बस एकदम शांत होते. खोकला नाही, बांगडी नाही. तेव्हा मी मागच्या सीटकडे हात लांब करते आणि जो खांदा लागेल त्यावर ठेवते. माणसं दचकतात. एक बाई तर किंचाळलीच. मी माफी मागते, स्टॉप कुठला म्हणून विचारते, आणि त्यांनी सांगितल्यावरही हात लगेच काढत नाही.